पोपटी भिंत वाळेपर्यंत

जिल्ह्यातल्या सगळ्या देवांना माणिकराव ठाऊक होते, पण पाठमोरे.

त्याला कारण त्यांचा धंदा. चौतीस वर्षं ते जत्रांमधून लाकडी खेळणी विकत आले. कार्तिकात जैनथला लक्ष्मीनारायणाची जत्रा, पौषात केसलापूरला नागोबाची, शिवरात्रीला कुंटाल्याच्या धबधब्याशी महादेवाची. माल निर्मलहून आणायचा: पोपट, मोर, नंदीची जोडी, रंगीत भाज्यांची टोपली. आणि जत्रेतल्या दुकानाचा कायदाच असा, की तोंड गिऱ्हाइकाकडे आणि पाठ देवाकडे. मान वळवून बघायची सोय नाही, तेवढ्यात एखादं पोरगं मोर घेऊन पसार व्हायचं. म्हणून माणिकराव सकाळी दोन्ही हात डोक्यावरून मागे न्यायचे, तिथेच जोडायचे, आणि न वळताच नमस्कार पोचता करायचे. मग रंगमंचावरचा पडदा वर जावा तशी ताडपत्री सारून पहिली हाळी द्यायचे, "घ्या हो पोपट. दाणा नको, पाणी नको, पिंजरा नको, आन् बोलून डोकं खात नाही." तो आवाज एखाद्या नाटक मंडळीला लाभला असता तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकानं कधी तक्रार केली नसती.

अशा या माणसाच्या आदिलाबादच्या घरी यंदा दसऱ्यानंतर सोयरीक जुळत आली. मुलगा प्रज्वल उटनूरच्या सरकारी कचेरीत कारकून. मुलगी मीनल पैनगंगेपलीकडची, पांढरकवड्याची. दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं, बोलून बोलून मोबाइल तापवले. आता एकच पायरी उरली होती: घर पाहणं. मुलीकडची मंडळी येतात, पाणी पितात, जरा इकडे बघतात, जरा तिकडे बघतात. कुणी काही विचारत नाही आणि सगळ्यांना सगळं कळतं. या पायरीवरून घसरलेल्या सोयरिकी माणिकरावांनी खूप पाहिल्या होत्या. एक तर मोरीतल्या वासावरून मोडली होती. आणि प्रज्वल असा पोरगा, की ही मोडली तर तोंडानं काही बोलणार नाही, नुसता वाळत जाईल.

पाहुणे सोमवारी येणार होते. शनिवारी दुपारी माणिकरावांच्या डोक्यात रंग शिरला. ज्या रंगानं लाकडाचा ठोकळा पोपट होतो, त्यानं घराचं काय होईल, असा त्यांचा साधा हिशेब. पोपटी ऑइलपेंटचे डबे आले. रंगात टर्पेंटाईन घालून तो पातळ करायचा असतो, हे दुकानदारानं दोनदा सांगितलं. पण खेळण्यावरचा रंग कसा जाड, गुळगुळीत, चाटावासा दिसतो, तेच त्यांच्या डोळ्यांपुढे. बापलेकांनी बैठकीच्या चारी भिंती, दारं, खिडक्या, दोन लाकडी खुर्च्या आणि दिवाणाचे पाय रंगवले. डबा संपेना म्हणून फाटकही रंगवलं. माणिकरावांची बायको गयाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. सून आली की ती या घराला दाणे टाकील, एवढंच ती म्हणाली. माणिकरावांनी ते कौतुक समजून घेतलं. वाळायला अख्खा रविवार होता.

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मुलीचे वडील दादाजी, पांढरकवड्याचे धान्याचे छोटे व्यापारी, मोठ्या खुशीत सांगत होते की आम्ही पैनगंगेच्या पुलावर आहोत, चहा टाका.

एक दिवस आधी येण्याची ही युक्ती दादाजींची नव्हती. ती त्यांच्या बायकोची, सुनयनाबाईंची. बाई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. सव्वीस वर्षं तपासण्या केलेल्या. सांगून गेलं की प्रत्येक अंगणवाडी स्वच्छ असते, न सांगता गेलं की अंगणवाडी असते तशी असते, हे त्यांचं शास्त्र, आणि लेकीच्या सासरी ते वापरायचं नाही तर कुठे?

माणिकरावांनी फोन कानाला तसाच ठेवून भिंतीला बोट लावलं. बोट पोपटी झालं. गयाबाईनं दाराला लावलं, तिचंही झालं. प्रज्वल खुर्चीला लावायला गेला, त्याला दोघांनी ओढलं. 

"अजी," गयाबाई कुजबुजली, "तुमी त्यायले तिकडंच गुंतवा. भिंती मी पाह्यतो."

आणि माणिकरावांच्या तोंडून, कोण जाणे कुठून, शब्द निघाले. चहा घरी नंतर, आधी देव. आज तर जैनथचा दिवस. या दिवसांत सकाळचं ऊन देवळात शिरून थेट देवाच्या पायांवर पडतं, ते न बघता पुढे येणं म्हणजे पाप. तुम्ही जैनथच्या फाट्यावर थांबा, मी आलोच. शेजाऱ्याची मोटारसायकल मागून, सदऱ्याच्या गुंड्या वाटेत लावत ते सुटले.

फाट्यावर पाहुण्यांची पांढरी गाडी उभी होती. दादाजी गोल, हसरे, हातात भज्यांची पुडी. सुनयनाबाई सडपातळ, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांनी नमस्कार घेतला आणि नजर माणिकरावांवरून खालपर्यंत नेऊन परत आणली, जणू वजनकाट्यावर उभं केलंय. मोटारसायकल चहावाल्याकडे सोडून माणिकराव गाडीत बसले, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा जैनथच्या देवळात समोरून शिरले.

देऊळ काळ्या दगडाचं, आत गारवा, खांबांवर कोरलेली माणसं अर्धी अंधारात. रांगेत आदिलाबादची तेलुगू मंडळी, नदीपलीकडचे मराठी, कॉलेजच्या पोरी फोन उंच धरून. पुजाऱ्यांनी माणिकरावांकडे बघितलं, कपाळाला आठी घातली, आणि जरा वळा म्हणाले. माणिकराव वळले. "हां, खेळणीवाले," पुजारी म्हणाले, "समोरून कसे ओळखू येणार?" दादाजींना इतकं हसू आलं की भज्याचा ठसका लागला.

तेवढ्यात ऊन आलं. उंबऱ्यावरून ते पाटावर चढणाऱ्या लहान मुलासारखं आत सरकलं, थबकलं, पुन्हा सरकलं आणि देवाच्या पावलांवर जाऊन बसलं. कॉलेजच्या पोरींचे फोन खाली आले. जत्रेत दर्शन करून आलेली माणसं खेळण्याच्या किमतीवरून कधी घासाघीस करत नाहीत, उलट मुलाला आणखी एक घेऊन देतात, हे माणिकराव वर्षानुवर्षं बघत आले होते. का, ते आत्ता कळलं. त्यांचे स्वतःचे हात नुसते सैल सुटले होते. आत्ता कुणी पोपट मागितला असता तर टोपलीच दिली असती.

बाहेर येतात तो फोन. गयाबाई कानात धावतं वर्णन देत होती. चार घरांतून टेबलपंखे गोळा केले. एकाच्या वाऱ्यानं शेजारच्या कोंबडीची पिसं उडाली आणि समोरच्या भिंतीला चिकटली. ती काढायला प्रज्वल चढला तर त्याचा पंजा उमटला. दुपारपर्यंत आणू नका. माणिकरावांनी सगळं ऐकून, चेहऱ्यावर शिऱ्याची कृती ऐकल्यासारखं समाधान आणून, फोन ठेवला.

पुढचा देव केसलापूरचा, असं त्यांनी जाहीर केलं. दादाजी लगेच तयार, त्यांना गाडी चालवायला आणि माणिकरावांना ऐकायला आवडू लागलं होतं. हायवेनं गाडी निघाली आणि बायपासला लागली. सुनयनाबाईंनी काचेतून आदिलाबादची पाटी येताना बघितली, शेजारून जाताना बघितली, आणि मान वळवून मागे पडतानाही बघितली.

"तुमचं घर तिकडंच राह्यलं ना?" त्यांनी विचारलं.

माणिकराव म्हणाले, घर काय, कुठं पळतं? आणि लगेच उसाच्या रसाचं एक दुकान दाखवलं. बाईंनी चष्म्याच्या वरून आधी दुकानाकडे बघितलं, मग माणिकरावांकडे. त्यांच्या मनात काय चाललंय ते गाडीच्या आरशात दिसत होतं. घरी काहीतरी आहे. आजारी माणूस, नाहीतर पिऊन पडलेला दीर, नाहीतर याहून वाईट.  खरं सांगावं तर रंगवलेल्या घराची फजिती, न सांगावं तर न रंगवलेल्या पापांचा संशय. त्यांनी मधला मार्ग काढला आणि रस ढोसला.

गुडीहतनूरवरून गाडी डावीकडे इंद्रवेल्लीच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे कापूस फुटायला आलेला, पुढे सागाची झाडं. केसलापूरला जत्रेत पाय ठेवायला जागा नसते. आज सगळं मैदान मोकळं होतं, देवळाचा नवा दगड उन्हात चमकत होता, आणि माणिकरावांना आपण नाटक संपल्यावर रिकाम्या थिएटरात आल्यासारखं वाटलं. ते उत्साहानं इकडून तिकडे धावू लागले. इथं जिलेबीवाला बसतो. इथं पाळणा. इथं भांडी. आणि हे, या दोन झाडांच्या मधे, हे आमचं. त्यांनी तिथे उभं राहून दाखवलं, देवळाकडे पाठ करून.

"आन् आत देव कसा हाय?" सुनयनाबाईंनी विचारलं.

  मी कधी आत गेलो नाही, असं माणिकरावांनी सांगून टाकलं.

झाडाखाली मेश्राम कुळातले एक म्हातारे गोंड बाबा बसले होते, ते खदखदून हसले. हा माणूस आमच्या देवाला दरवर्षी पाठ दाखवून बसतो, ते म्हणाले, आणि देवही म्हणत असेल की सदरा धुतलेला असतो, चांगला आहे. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि बायकांना सांगावं तसं बाईंना सांगितलं, की आमच्यात नव्या सुनांना जत्रेत नागोबाच्या भेटीला आणतात. देवानं पाहिलं की मग ती पुरती आमच्या कुळाची. त्याआधी घरात वावरली तरी पाहुणीच. सुनयनाबाईंना ते पटलं असावं, कारण त्या पदर सावरून जरा पुढे सरकल्या आणि तपासणीचा प्रश्न काढला. या माणिकरावांचं घर कधी पाहिलंय का?

माणिकरावांनी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

बाबांनी डोकं हलवलं. घर नाही पाहिलं. ताडपत्री पाहिली आहे. एका पौषात भलताच पाऊस कोसळला, तेव्हा या माणसानं खेळण्यांवरची ताडपत्री काढून पंधरावीस पोरांवर धरली. सगळे पोपट भिजले. पोरं कोरडी. एवढं सांगून बाबा दुसऱ्याच विषयाकडे, यंदाच्या पावसाकडे वळले. सुनयनाबाईंनी चष्मा पुसला. चेहरा तोच, वजनकाट्याचा. मग बाबांनी तिघांना आत नेलं, आणि माणिकरावांनी नागोबालाही समोरून पाहिलं.

आता मात्र दादाजींना भूक लागली. इंद्रवेल्लीला पुरीभाजी झाली. घास तोंडात असतानाच फोन. गयाबाईचा आवाज रडण्याच्या आणि हसण्याच्या बरोबर मधे अडकलेला. भिंती वाळत आल्या, दारं वाळली, पण प्रज्वल विसरून खुर्चीवर बसला. उठला तर खुर्ची उठली. आता खुर्ची सोडवली आहे, पण पँट खुर्चीकडे राहिली. आणखी दोन तास द्या, माझे बाप्पा.

माणिकरावांनी ताटावरून हात उचलला आणि घोषणा केली, की कुंटाला पाहिल्याशिवाय या जिल्ह्यातून कुणी परत जात नाही. त्यांच्या स्वतःच्या कानांना तो आवाज ओळखू येईना. भीती होती, झोप झालेली नव्हती, सकाळपासून दोन देव समोरून बघितले होते, आणि या सगळ्याची मिळून त्यांना एक गोड भोवळ आली होती, पाळण्यात वरच्या टोकाला गेल्यावर येते तशी.

कुंटाल्याला पायऱ्यांच्या वरच्या तोंडाशी पंचफुला मक्याची कणसं भाजत होती. शिवरात्रीच्या दिवसांत माणिकरावांची शेजारीण, जिभेनं तिखट. तिनं त्यांना धबधब्याकडे तोंड करून येताना पाहिलं आणि कणीस निखाऱ्यातच विसरली.

"काऊन भाऊ, आज मान लचकली का काय? तोंड इकडं कसं?"

"पाहुणे हायेत," माणिकराव दबक्या आवाजात म्हणाले.

"मग जा खाली. इतकी वर्षं त्याच्यावर वरडून राह्यले, एकदा त्याचं तोंड तं पाहा."

पायऱ्या सुमारे चारशे. सुनयनाबाई पुढे, अंगणवाड्यांची चढउतार पायांत मुरलेली. मधे माणिकराव. मागे दादाजी, दर वीस पायऱ्यांना कठड्याशी गप्पा मारत. जसजसं खाली जावं तसतसा आवाज वाढत गेला. हा आवाज माणिकरावांच्या ओळखीचा होता. शिवरात्रीला तो पाठीमागून यायचा, बारीक, आणि त्यावर चढवून त्यांनी आपली हाळी बसवली होती. पण शिवरात्रीला पाणी उतरलेलं असतं. आज पाऊस नुकता संपलेला. शेवटच्या वळणावर झाडं बाजूला झाली आणि समोर तो उभा.

उभा कसला, पडत होता. काळ्या कातळावरून पांढराशुभ्र, एका टप्प्यावर आपटून दुसऱ्यावर, खाली उतरेपर्यंत त्याचा धूर होऊन. तुषार कठड्याच्या अलीकडे येऊन तोंडावर फुटत होते. माणिकरावांनी आधी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग लक्षात आलं की आपल्याला चष्मा नाही, हातातला सुनयनाबाईंचा आहे, तुषार उडाले तसा त्यांनीच धरायला दिला होता. मग एकाएकी काय झालं कोण जाणे. माणिकरावांनी छाती भरून घेतली, हात फैलावले, आणि भर दुपारी, दहाबारा लोकांपुढे, धबधबाच विकायला काढला.

"घ्या हो धबधबा. दिवा नको, तेल नको, घासणं नको, पुसणं नको. रात्रभर चालतो, बिल येत नाही. एकावर एक टप्पा फुकट. घ्या हो, शेवटचाच नग."

कॉलेजची पोरं टाळ्या पिटू लागली. दादाजी धापा टाकत पोचले ते थेट गिऱ्हाईक होऊनच. भाव काय, त्यांनी विचारलं. धुतल्यावर रंग जातो का? माणिकरावांनी हातावर पाणी घेऊन उलटसुलट करून दाखवलं, कच्चा माल आम्ही ठेवतच नाही. दादाजी म्हणाले, दोन द्या, एक पांढरकवड्याला पाठवायचा आहे. साठीकडे झुकलेले ते दोन बाप्ये, सदरे अंगाला चिकटलेले, केसांतून पाणी गळतंय, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून असे हसत होते की सोयरीक, घर, सोमवार, सगळं त्या पाण्यात वाहून कडेम नदीला लागलं होतं.

खिशात फोन थरथरला. माणिकरावांनी तो कानाला दाबून धरला. आणा आता, गयाबाई ओरडत होती, सगळं वाळलं, शिरा झाला, प्रज्वल नवी पँट घालून उभा आहे, आणा.

सुटले. आता नुसतं चला म्हणायचं होतं. पण वळून बघतात तर सुनयनाबाई समोर उभ्या, हात पुढे केलेला. माणिकरावांनी चष्मा दिला. बाईंनी तो घातला आणि त्यावरून बघितलं.

"मी सव्वीस वर्षं तपासण्या केल्या," त्या म्हणाल्या. आवाज धबधब्यावरही स्पष्ट पोचत होता, असे आवाजही असतात. "जिथं अंगणातच तासभर फिरवतात तिथं कोठीत उंदीर असतो. तुमी तं मले सकाळपासून अख्खा जिल्हा फिरवून राह्यले. माझी एकच पोर हाय, भाऊ. खरं सांगा, घरात काय लपवलं?"

दादाजींचं हसू थांबलं. माणिकरावांच्या हाताशी वाक्यं होती, वाळलेलं घर होतं, तासाभराचा रस्ता काढला की सगळं निभावलं असतं. पण त्या पाण्यापुढे आता आणखी एक सोंग आणायला त्यांचं मन तयार होईना.

"रंग," ते म्हणाले. "बाई, रंग. ओला होता. पोपटी. तुमच्यासाठी दिला आन् वाळलाच नाही."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. टर्पेंटाईन, पंखे, कोंबडीची पिसं, भिंतीवरचा पंजा. खुर्चीपर्यंत आले आणि थांबले, मुलाची लाज होती. पण थांबलेलं बाईंना कळलं, त्यांनी भुवई उचलली, आणि माणिकरावांनी पँटही सांगून टाकली.

सुनयनाबाई हलल्या नाहीत. नुसते खांदे हलले. मग त्यांनी पायरीला हात लावला, खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या, आवाज न करता, पाणी भरलेलं मडकं डचमळावं तशा. दादाजी घाबरून जवळ गेले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, असं कधी पाहिलं नाही, ते माणिकरावांच्या कानात म्हणाले.

बऱ्याच वेळानं बाईंनी डोळे टिपले आणि धबधब्याकडे बोट केलं. त्यांचा आवाज पुन्हा कामाचा झाला होता.

"हे पाणी कधीपर्यंत राह्यते?"

शिवरात्रीला अगदी धार होते, माणिकराव म्हणाले. तुळशीच्या लग्नापर्यंत भरपूर असतं. मग उतरत जातं, तरी डिसेंबरपर्यंत बरं दिसतं.

"मग तुळशीच्या लग्नानंतरचा पह्यलाच मुहूर्त धरा. आमच्याकडचे पन्नाससाठ जण येतीन, त्यायले काय आटलेला धबधबा दाखवता?"

माणिकराव मान हलवत राहिले. बरोबर आहे, आटलेला दाखवू नये, पहिलाच मुहूर्त, पन्नाससाठ. शब्द सगळे कळत होते, अर्थ अजून वरच्या टप्प्यावरून निघाला होता. दादाजींनी त्यांच्या भिजल्या पाठीवर थाप मारली.

"अवो इवाई, हो म्हणून राह्यली ते."

माणिकरावांच्या हातात फोन अजून चालूच होता. आतून बारीक आवाजात गयाबाई विचारत होती, हा कसला गोंधळ, कुठं आहात, निघाले की नाही. माणिकरावांनी फोन तोंडाशी धरला. जैनथच्या, केसलापूरच्या आणि कुंटाल्याच्या सगळ्या हाळ्या एका जागी गोळा होऊन आल्या, आणि त्यांनी चारशे पायऱ्या चढून पंचफुलाच्या निखाऱ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, "गया, त्यायनं हो म्हटलं. घर न पाहताच हो म्हटलं."

पलीकडे एक पंखा खट्कन बंद झाला.

"हळू बोला," गयाबाई म्हणाली, "पाहुणे ऐकतीन."